पऱ्यावरचा साकव : खासदार निधीतून एक काम मिळवताना

(ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका, जिल्हा आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. नियम, तारखा आणि कागदांचा क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

कोकणातली एक ग्रामपंचायत. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे गावठाण, शाळा, रेशनचं दुकान आणि एसटीचा थांबा. पलीकडे दोन वाड्या: एक मधली वाडी, दुसरी बौद्धवाडी. दोन्ही मिळून साठेक घरं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्या इतका आटतो की माणूस चपला हातात न घेता पार होतो. जून ते ऑक्टोबर मात्र साकवाशिवाय, म्हणजे लहान पुलाशिवाय, पलीकडच्यांचं काही चालत नाही. पूर्वी दर मे महिन्यात दोन्ही वाड्यांतले पुरुष माडाची खोडं आडवी टाकायचे, वर बांबूच्या कामट्या बांधायचे आणि हाताला धरायला एक दोर. पुढे तरणी माणसं मुंबईला गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्याने खोडं उचलेनात.

जुलै २०२३ मध्ये तो साकव तीन आठवड्यांत वाहून गेला. शाळेत जाणारी तेवीस मुलं सहा किलोमीटरचा वळसा घालू लागली, म्हणजे खरं तर बरीचशी घरीच राहिली. त्याच महिन्यात एका बाळंतिणीला डोलीत घालून वळशाच्या रस्त्याने न्यावं लागलं. आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. पण त्या रात्री डोलीला खांदा दिलेल्यांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत येऊन नुसता बसून राहिला, काही बोललाच नाही.

माझी बहीण त्या गावात दिली आहे. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. सरपंचताईंनी बहिणीकडून निरोप पाठवला, तेव्हा मला वाटलं एक अंदाजपत्रक बघून द्यायचं असेल. प्रत्यक्षात दोन वर्षं त्या साकवात गेली.

आधी एकदा हुकलेलं काम

हा गावाचा पहिला प्रयत्न नव्हता. २०१९ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी तेव्हाच्या खासदारांना निवेदन दिलं होतं, होकारही मिळाला होता. पण ६ एप्रिल २०२० रोजी कोरोनाच्या खर्चासाठी केंद्र सरकारने खासदार निधी दोन वर्षांसाठी थांबवला. पुढे १० नोव्हेंबर २०२१ ला तो पुन्हा सुरू झाला, तोही त्या उरलेल्या वर्षासाठी प्रत्येक खासदाराला २ कोटी इतकाच. गावाला यातलं काहीच कळवलं गेलं नाही. लोकांचा समज असा झाला की आपलं काम कोणीतरी दुसऱ्या गावाला पळवलं. तो राग मी पहिल्या बैठकीत ऐकला, आणि आधी तो उलगडून सांगावा लागला.

त्या वेळचं अंदाजपत्रक ग्रामपंचायतीच्या कपाटात होतं. ते निरुपयोगी झालं होतं. दरसूची बदलली होती, आणि जुलै २०२२ पासून अशा कामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला होता.

समोरचे पर्याय

१५ ऑगस्ट २०२३ च्या ग्रामसभेत ठराव झाला: "पऱ्यावर पूल बांधणे." एवढंच. कुठे, कोणासाठी, कोणत्या निधीतून, काहीच नाही. ठराव झाल्यावर निधीचा विचार सुरू झाला, तो क्रम उलटा होता. तरी आम्ही एकेक दार तपासलं.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. उरलेल्यात एवढ्या लहान ग्रामपंचायतीचा साकव बसत नव्हता. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची समाजकल्याणची योजना होती, पण तिथे वस्तीच्या लोकसंख्येप्रमाणे रक्कम ठरते आणि ही वाडी लहान. जिल्हा नियोजन समितीत साकवांची यादी असते. त्या यादीत आमच्या आधी जी कामं होती ती बघितल्यावर सरपंचताई म्हणाल्या, "दादा, आमची पोरं कॉलेजात जातील तोवर." आमदारांकडे गेलो. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की ह्या वर्षीचा निधी वाटून झाला आहे, पुढच्या वर्षी बघू. राज्यसभेच्या सदस्याला राज्यात कुठेही काम सुचवता येतं, हाही एक मार्ग होता. पण आमच्यापैकी कोणाची तिथवर पोच नव्हती, आणि ओळखीशिवाय पाठवलेलं निवेदन वाचलं जाईल असा भरवसा कोणाला वाटला नाही. आज मी तेही पाठवलं असतं. टपालाचाच खर्च होता.

राहिले लोकसभेचे खासदार. इथे मी गावकऱ्यांसमोर फळ्यावर एक हिशेब मांडला, तो पुढे फार कामाला आला. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना २३ डिसेंबर १९९३ ला सुरू झाली तेव्हा प्रत्येक खासदाराच्या वाट्याला वर्षाला ५ लाख होते. २०११-१२ पासून ते ५ कोटी झाले. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. ५ कोटींचे सहा भाग केले तर एका विधानसभेच्या वाट्याला वर्षाला ८३ लाखांच्या आसपास. त्यात शेकडो गावं. म्हणजे आपण ८० लाखांचा पूल मागितला तर बाकी सगळ्या गावांचं वर्ष आपण एकटे मागतो आहोत.

दुसरी गोष्टही तेव्हाच सांगितली. हा पैसा खासदाराच्या हातात येत नाही. खासदार काम सुचवतो. मंजुरी जिल्हा प्रशासन देतं, काम यंत्रणा करते, पैसा केंद्राचा असतो. मंदिर, मशीद, विहार अशा धार्मिक जागांना तो चालत नाही, भूसंपादनाला चालत नाही, दर वर्षीच्या देखभालीलाही चालत नाही.

रुंदी किती

फळ्यावरचा हिशेब बघूनही वाद झालाच. तरुणांना पूर्ण पूल हवा होता, डंपर जाईल असा. म्हातारी माणसं म्हणत होती, चालायला वाट द्या, बाकी पुढचं पुढे. मी तीन आकडे ठेवले. दीड मीटर रुंदीचा पायसाकव सोळा लाखांच्या आत. तीन मीटर रुंदीचा, रिक्षा आणि लहान गाडी जाईल असा, तीस लाखांच्या थोडा वर. रस्त्याचा पूल ऐंशी लाखांच्या पुढे.

मधला पर्याय निवडला, आणि त्याचं कारण ती डोली होती. दीड मीटरवरून डोली गेली असती, पण डोलीच गेली असती. बौद्धवाडीतली एक आजी म्हणाली, "आमका गाडी दारात नको. पण आजारी माणूस बसून जाऊ दे." तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

लेटरहेडवरचं पत्र

ऑक्टोबरमध्ये शिष्टमंडळ खासदारांच्या संपर्क कार्यालयात गेलं. पंधरा दिवसांत पत्र आलं. लेटरहेड, सही, शिक्का. ते गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलं, कोणीतरी खाली "काम मंजूर" असं लिहिलं, मुंबईकर मंडळींनी हार-फुलांची चित्रं टाकली.

मी पत्र दोनदा वाचलं. जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून होतं आणि शेवटचं वाक्य होतं, "निवेदनाचा विचार होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी." हे शिफारसपत्र नव्हतं. निवेदन पुढे पाठवल्याचं पत्र होतं. शिफारस म्हणजे "माझ्या खासदार निधीतून हे काम, ह्या ठिकाणी, इतक्या रकमेचं घ्यावं" असं स्पष्ट सांगणं. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून नव्या मार्गदर्शक सूचना लागू झाल्या होत्या आणि शिफारस ह्या निधीच्या ई-साक्षी पोर्टलवरून व्हावी लागत होती. कागदावरच्या सहीने काम पुढे सरकणार नव्हतं.

गावाला हे सांगणं जड गेलं. काहींना वाटलं मी खोडा घालतोय. सरपंचताईंनी ते ओळखून स्वतःच ग्रुपवर लिहिलं की काम अजून मंजूर झालेलं नाही, कोणी अभिनंदन करू नये. त्या दिवशी त्यांना बऱ्याच शिव्या बसल्या. पण त्यांनी ते लिहिलं नसतं तर गाव हात झटकून बसलं असतं आणि पुढचं एकही पाऊल पडलं नसतं.

पुन्हा संपर्क कार्यालयात गेलो. स्वीय सहायक तरुण होते आणि सरळ होते. त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: यंत्रणेने केलेलं अंदाजपत्रक, नीट ठराव, आणि काम झाल्यावर ग्रामपंचायत देखभाल करील असं हमीपत्र. आणि सांगितलं, "साहेब एका कामाला तीसच्या वर देत नाहीत." निघताना त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं: "पलीकडे बौद्धवाडी आहे ना? मग ठरावात तसं येऊ द्या."

कामाचं नाव

ह्या एका वाक्यावर गावात जे झालं त्यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे.

प्रत्येक खासदाराला दर वर्षी आपल्या निधीच्या किमान १५ टक्के रकमेची कामं अनुसूचित जातींची वस्ती असलेल्या भागांसाठी आणि साडेसात टक्के रकमेची जमातींच्या भागांसाठी सुचवावी लागतात. ५ कोटींत १५ टक्के म्हणजे ७५ लाख. बौद्ध झालेल्या कुटुंबांनाही १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे ही वाडी त्यात बसत होती. वर्ष संपत आलं होतं, त्या वाट्याची कामं कमी सुचवली गेली होती, आणि संपर्क कार्यालयाला खरीखुरी, नियमात बसणारी कामं हवी होती. आमचं काम त्यांच्या गरजेचं होतं. निवेदन घेऊन जाणाऱ्या गावाला सहसा हे कळत नाही की समोरच्यालाही काही शोधायचं असतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव सुधारला होता, पण त्यात "मधली वाडी साकव" असं नाव होतं. आता त्यात बौद्धवाडीचं नाव घालायचं होतं. मधल्या वाडीतून विरोध झाला. उघड कोणी काही म्हणत नव्हतं. "आमची घरं जास्त आहेत," "नावाने काय फरक पडतो," "कागदावर राहू दे पण फलकावर नको," अशी वाक्यं. बौद्धवाडीतली माणसं गप्प होती. ती गप्प का होती हे मला कळायला वेळ लागला. त्यांना साकव हवा होता, आणि आपल्या नावावरून साकव अडला असं होऊ द्यायचं नव्हतं. नाव सोडायलाही ती तयार होती.

आणखी एक गुंता. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला होता. त्यानुसार वाडीने एक नवं नाव घेतलं होतं, पण ग्रामपंचायतीच्या काही नोंदींत नवं, काहींत जुनं. नवं नाव लिहावं तर कार्यालयात कोणाला कळणार नाही की ही अनुसूचित जातीची वस्ती आहे. जुनं लिहावं तर शासनाच्याच निर्णयाच्या विरुद्ध.

पर्याय तीन होते. नाव न घालता सर्वसाधारण वाट्यातून मागायचं, आणि मग रांगेत थांबायचं. जुनं नाव घालायचं. किंवा नवं नाव घालून सोबत वस्तीच्या लोकसंख्येचा दाखला जोडायचा. सरपंचताईंनी तिसरा निवडला. आणि कामाच्या नावात दोन्ही वाड्या आल्या, बौद्धवाडीचं नवं नाव आधी. नोव्हेंबरच्या विशेष ग्रामसभेत त्या एवढंच म्हणाल्या: "ज्यांच्या नावावर पैसा येतोय त्यांचं नाव मागे लिहिणार असाल तर मी सही करणार नाही." हात वर झाले, थोडे कमी झाले पण पुरेसे झाले.

मी त्या सभेत बोललो नाही. बाहेरचा माणूस म्हणून गप्प राहिलो असं तेव्हा स्वतःला सांगितलं. मी बोलायला हवं होतं. नियम काय सांगतो हे तिथे एकट्या मलाच नीट माहीत होतं, आणि तो नियम म्हणजे मेहेरबानी नव्हे, त्या वाडीचा हक्क आहे, हे एखाद्या अभियंत्याने सांगितलं असतं तर सरपंचताईंना एकटीला ते ओझं उचलावं लागलं नसतं.

२९ जानेवारी २०२४ ला पोर्टलवर शिफारस झाली. रक्कम तीस लाख.

जागेचा कागद

शिफारस आल्यापासून ४५ दिवसांत जिल्हा प्रशासनाने मंजुरी द्यायची किंवा कारण देऊन नाकारायचं, असा नियम आहे. म्हणजे आमच्याकडे १४ मार्चपर्यंतचा वेळ. आणि मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

८ फेब्रुवारीला त्रुटीचं पत्र आलं. पलीकडच्या काठावर जोडरस्ता खाजगी गटातून जातो, जागेची मालकी स्पष्ट करावी. सातबारा काढला. सात नावं. तिघं मुंबईच्या बाजूला, नालासोपारा आणि डोंबिवलीत. एक मयत, आणि वारस नोंद झालेलीच नाही. लागणारी जागा दीड गुंठा.

गावातल्या वजनदार मंडळींचं म्हणणं होतं की हजर असलेल्या तिघांचं स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र घ्या आणि लावून टाका, सगळे असंच करतात. करतात, हे खरं आहे. आणि मग काम अर्ध्यावर असताना डोंबिवलीहून कोणीतरी येतो आणि मनाई हुकूम आणतो, हेही मी नोकरीत बघितलं आहे. दुसरा मार्ग म्हणजे वारस नोंद करून सगळ्यांकडून ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र. तो पक्का होता, पण पाच आठवड्यांत होणारा नव्हता. तरी मी आणि उपसरपंच एका रविवारी नालासोपाऱ्याला गेलो. घरात चहा झाला, विचारपूस झाली. त्या गृहस्थांचं जागेला नाही नव्हतं. चुलत्याशी बांधावरून जुनं भांडण होतं, आणि "आधी त्याने सही करू दे" यापुढे गाडी सरकेना.

तिसरा मार्ग मला परतीच्या प्रवासात सुचला. पऱ्याच्या खालच्या अंगाला बारा-तेरा मीटरवर जुनी पाखाडी, म्हणजे गावातली पायवाट, उतरते. ती ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे. साकव तिथे सरकवला तर खाजगी जागेचा प्रश्नच राहत नाही. कामाचं नाव बदलत नाही, कारण नावात गट नंबर नव्हता. फक्त नकाशा बदलतो.

पण बांधकामाच्या दृष्टीने ती जागा दुय्यम होती. वरच्या जागी दोन्ही काठ उंच, पात्र अरुंद, पलीकडच्या काठाला कातळ. खाली पात्र दोन मीटरने रुंद, पलीकडचा काठ सखल आणि मातीचा. म्हणजे गाळा (दोन आधारांमधलं अंतर) वाढणार, जोडरस्त्याचा भराव उंच होणार, आणि तो धरून ठेवायला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेला दगडांचा थर, लागणार. खर्च वाढणार, आणि रक्कम तर तीसवर अडलेली.

मी पाखाडी निवडली. विशेष ग्रामसभा झाली, उपविभागाने सुधारित अंदाजपत्रक केलं, ते तीस लाख सत्तर हजारांवर गेलं. तीसच्या आत आणायला काहीतरी काढायचं होतं. पलीकडच्या काठाचं पिचिंग काढलं, "ग्रामपंचायत नंतर करील" या बोलीवर. ती सूचना माझी होती. ४ मार्चला कागद दाखल झाले. १४ मार्चला प्रशासकीय मान्यता मिळाली. १६ मार्चला निवडणूक जाहीर झाली.

दोन दिवसांनी चुकलं असतं तर काय झालं असतं, हे लोक अजून विचारतात. मान्यता जूनपर्यंत लांबली असती. एक पावसाळा तसाही गेलाच, पण काम मेलं नसतं. ती घाई ४५ दिवसांपेक्षा आमच्या धास्तीची जास्त होती. २०२० मध्ये एकदा हातचं गेलं होतं ना. त्या धास्तीत मी पिचिंग सोडलं. उरलेल्या सत्तर हजारांसाठी ग्रामपंचायतीचा स्वतःचा हिस्सा दाखवता येतो का, एवढं विचारायलाही मी थांबलो नाही.

दोन आचारसंहितांच्या मधली वाट

६ जून २०२४ ला आचारसंहिता उठली. मतदारसंघात खासदार कोण निवडून आला याची गावाला चिंता होती. मंजूर झालेलं काम खासदार बदलला तरी पूर्णच करायचं असतं, हे मी सांगत राहिलो. तांत्रिक मान्यता, ई-निविदा, यात पावसाळा संपला. १९ सप्टेंबरला कार्यारंभ आदेश निघाला.

आता पुढची अडचण समोर होती. राज्याच्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर आचारसंहिता येणार. निवडणूक आयोगाचा नियम असा की कार्यारंभ आदेश निघाला असला तरी जागेवर काम सुरू झालं नसेल तर ते निवडणूक संपेपर्यंत सुरू करता येत नाही. सुरू झालेलं चालू राहू शकतं.

ठेकेदार म्हणत होता, पऱ्याला पाणी आहे, दिवाळीनंतर बघू. बांधकामाच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. पण डिसेंबरमध्ये सुरुवात केली असती तर मजूर आंब्याच्या बागांकडे वळण्याआधी स्लॅब पडला नसता. मार्ग निघाला तो असा: अलीकडच्या काठाचा पाया पाण्यापासून वर, कोरड्यात होता. तेवढी आखणी आणि खोदाई करायची. ८ ऑक्टोबरला जेसीबी लागला, अक्षांश-रेखांशासकट फोटो पोर्टलवर चढले. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, काम चालूच राहिलं. ह्या एका निर्णयाने सहा-सात आठवडे वाचले. श्रेय शाखा अभियंता असलेल्या त्या मुलीचं. ती तालुक्याहून तीनदा आली.

काम, आणि मे महिन्यातला पाऊस

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्लॅब पडला. मार्चअखेर कठडे झाले, एप्रिलमध्ये जोडरस्ते. देयकं पोर्टलवरूनच गेली. ह्या वेळी ठेकेदाराला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, हे मी माझ्या नोकरीच्या काळाशी ताडून सांगतो.

मग मे आला. २०२५ चा मे कोकणात कोणी विसरणार नाही. विसाव्या तारखेपासूनच पाऊस कोसळायला लागला आणि २६ मे रोजी मान्सून मुंबईत पोचला, नोंदींमधला सगळ्यात लवकर. भराव अजून बसलेला नव्हता, गवत धरलेलं नव्हतं. पलीकडच्या काठाचा भराव, जिथलं पिचिंग मी काढायला लावलं होतं तिथला, दोन रात्रींत खचला. साकवाला काही झालं नाही. पण साकव आणि पाखाडी यांच्यामध्ये माणसाच्या कमरेएवढा खड्डा पडला.

मधल्या वाडीतली आणि बौद्धवाडीतली माणसं पोत्यांत वाळू-माती भरून एकत्र राबली. पूर्वी खोडं टाकायला जशी जमायची तशी. त्या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हा मुलं साकवावरून गेली, शेवटचे चार मीटर पोत्यांवरून. रिक्षा मात्र पूर्ण पावसाळा अलीकडेच थांबली.

आज असं काम हाती घेतलं तर

पहिलं, खासदारांकडे जाण्याआधी सातबारा काढीन. आम्ही ऑगस्टमध्ये ठराव केला आणि सातबारा पाहिला फेब्रुवारीत. ऑगस्टमध्येच पाहिला असता तर वारस नोंदीला सहा महिने होते, नालासोपाऱ्याला चार खेपा करता आल्या असत्या, आणि साकव कातळाच्या काठावर उभा राहिला असता. जागा कागदाने ठरवली. ती जमिनीने ठरवायला हवी होती.

दुसरं, रकमेत बसवण्यासाठी पाणी अडवणारी किंवा माती धरणारी गोष्ट काढणार नाही. रुंदी पाऊण फुटाने कमी केली असती तरी चाललं असतं. कठडे साधे करता आले असते. मी नेमकं ते काढलं जे पूर्ण झालेल्या कामात डोळ्यांना दिसत नाही.

तिसरं, आलेलं प्रत्येक पत्र ग्रामसभेत शब्दशः वाचून दाखवीन. निवेदन पुढे पाठवणं, शिफारस, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश हे पाच वेगळे कागद आहेत, आणि गाव पाचही वेळा "मंजूर झालं" असंच म्हणतं. त्यातून दर वेळी अपेक्षाभंग होतो आणि शेवटी दोष सरपंचाच्या माथी येतो.

ठरावातल्या नावाबद्दल मला काही बदलायचं नाही. फक्त सभेत माझा आवाज त्यात असता तर बरं झालं असतं.

सध्याची स्थिती

दिवाळीनंतर ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अबंधित रकमेतून पलीकडच्या काठाला दगडी पिचिंग केलं. जे सत्तर हजारांच्या आसपास वाचवायचे म्हणून काढलं होतं त्याला, खचलेला भराव पुन्हा करण्यासकट, एक लाख तीस हजार लागले. आता रिक्षा पलीकडे जाते.

फलक अलीकडच्या काठावर आहे. योजनेचं नाव, खासदारांचं नाव, वर्ष, रक्कम, आणि कामाचं नाव ठरावात होतं तसंच, त्याच क्रमाने. लावताना कोणी हरकत घेतली नाही.

गावाच्या खालच्या अंगाला आणखी एक पऱ्या आहे, त्यापलीकडे धनगरवाडी. २ ऑक्टोबर २०२५ च्या ग्रामसभेत तिथल्या साकवाचा विषय निघाला. ठराव लिहायला घेण्याआधी सरपंचताईंनी ग्रामसेवकांना थांबवलं आणि दोन्ही काठांचे सातबारे टेबलावर ठेवायला सांगितले. एका गटात चौदा नावं निघाली. ठराव त्या दिवशी झाला नाही. वारस नोंदीचे अर्ज भरून घ्यायला तिघांची नेमणूक झाली, आणि मुंबईतल्या पत्त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.